मास्तरची एक घंटी

गाडीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, ही आमच्या भागातली जुनी रीत आहे. रुमाल नसला तर टोपी टाकतात, टोपी नसली तर पिशवी, आणि काहीच नसलं तर खिडकीतून लेकरू आत सोडतात. आमच्या गावच्या मुक्कामी गाडीवर जो कंडक्टर यायचा त्याला ही रीत मान्य नव्हती. कंडक्टरला आमच्याकडं मास्तर म्हणतात. मीही त्याला मास्तरच म्हणत आले.

गावात एक बडा माणूस होता. निवडणुकीच्या बैठका त्याच्याच ओट्यावर व्हायच्या. एका सकाळी त्यानं पुढच्या सीटवर आपला टॉवेल टाकला आणि चहा प्यायला गेला. गाडीत बाया उभ्या होत्या. चहा पिऊन तो चढला तर मास्तर त्या सीटपाशी उभा. टॉवेलची नीट घडी घातलेली आणि घडीवर टाचणीनं तिकीट टोचलेलं.

"ही जागा भरलीय," मास्तर म्हणाला.

"आरं, माझाच टॉवेल हाय तो."

"आसंल. त्याचं गेवराईचं तिकीट फाडलंय. तो बसून येईल. तुमी मागं उभे ऱ्हावा."

तिकिटाचे पैसे मास्तरनं स्वतःच्या खिशातून भरले होते, त्यामुळं जागा टॉवेलचीच ठरली. तो माणूस गेवराईपर्यंत दांडा धरून उभा राहिला आणि टॉवेल बसून गेला. पुढं त्यानं वरती तक्रार केली म्हणतात. मास्तरचं काही झालं नाही. तो होता तोवर आमच्या गावात पुन्हा कोणी रुमाल टाकला नाही.

ह्याला आता पंचवीस वर्षं होत आली. आमचं गाव चकलांब्याच्या पुढं, आत. गाडी संध्याकाळी औरंगाबादहून यायची, तेव्हा तेच नाव होतं. रात्री पारापाशी मुक्काम करायची आणि सकाळी सहाला परत निघायची. चार-साडेचार तासांचा रस्ता. एक दिवसाआड ह्या मास्तरची पाळी असायची. मधल्या दिवशी दुसरा यायचा. तो कसा होता ते मला आठवतही नाही.

हा मात्र उंच, वाळलेला, बाभळीच्या फोकासारखा. खाकी कपडे धुतलेले असायचे, पण इस्त्री कधी नाही. त्याला हळू बोलता येत नव्हतं. "गेवराईला कोन उतरनार" हे ज्या आवाजात विचारायचा, त्याच आवाजात एखाद्याला विचारायचा, "तुमच्या मंडळींची मूळव्याध बरी हाय का आता?" सगळी गाडी मान वळवून बघायची. त्याच्या मनात वाईट नसायचं. त्याला एवढा एकच आवाज होता.

दुसरं म्हणजे, त्याला खोटं बोलता येत नव्हतं. गाडी वेळेत पोचेल का, असं विचारलं तर बाकीचे कंडक्टर म्हणतात, पोचंल की. हा म्हणायचा, "न्हाई." ड्रायव्हर चिडायचा. मुक्कामाला असला की गावात पाळीपाळीनं घरोघरी त्याची भाकरी असे. एकदा माझ्या जावेकडं जेवला आणि दुसऱ्या सकाळी भरल्या गाडीत तिला म्हणाला, "अक्का, आमटी चांगली व्हती, पर मीठ दोघींनी टाकल्यासारखं वाटलं." आमच्या सासूनं आणि तिनं दोघींनी टाकलंच होतं. त्यावरून घरात आधीच भांडण झालेलं. जाऊ महिनाभर त्या गाडीत बसली नाही.

मी त्याला चांगला माणूस म्हणणार नाही. चांगली माणसं मी लई बघितली. ती वेळेवर येत नाहीत.

माझी थोरली पोरगी गेवराईत बारावीपर्यंत शिकली. मार्क चांगले पडले. पुढच्या कॉलेजसाठी औरंगाबादला जायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात आठ दिवस कोणी कोणाशी धड बोललं नाही. शेवटी मालक, म्हणजे माझे नवरे, म्हणाले, "जाऊ दे. पर एक ध्यानात ठेव. काही कानावर आलं, आजारपण म्हण, भानगड म्हण, नापास म्हण, काही बी, त्याच दिवशी सामान गुंडाळायचं आन घरी यायचं. लिंबागणेशकडचं स्थळ अजून थांबलंय."

मालक वाईट नव्हते. त्यांना भीती वाटायची, आणि भीती वाटली की ते आवाज चढवायचे. बोललेलं मात्र ते करायचे, हे मला पक्कं माहीत होतं.

मी चौथी शिकले. पाचवीची शाळा दुसऱ्या गावात होती आणि तिकडं गाडी जात नव्हती. त्यापेक्षा जास्त काही कारण नव्हतं.

पोरीला सोडायला मीच गेले. पत्र्याची पेटी, वळकटी, पिठाचा डबा. पोरीला गाडी लागायची. गाव सोडून दोन मैल गेलो नाही तोवर ती पिवळी पडली आणि मी लिंबू शोधायला लागले. मास्तर तिकिटं फाडत आला आणि तिच्यापुढं उभा राहिला.

"कितवीला चाललीस?"

"कॉलेजात."

"मग सतराचा पाढा म्हन."

पोरगी माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "मास्तर, तिला मळमळायलंय."

"म्हनूनच म्हनतो. पाढा म्हनताना माणसाला वकारी येत न्हाई. डोस्कं एका टायमाला एकच काम करतं. म्हन, सतरा एके सतरा."

सगळ्या गाडीदेखत तिनं सतराचा म्हटला, मग अठराचा. शेवगावकडून येणारा फाटा गेला, गेवराई गेली, पोरीला काही झालं नाही. पाढ्यानं झालं की लाजेनं, ते मला सांगता येणार नाही. पुढं तीन वर्षं ती सुट्टीला जाता-येता पाढे म्हणतच आली. त्या गाडीत गाडी लागणारी सगळी माणसं पाढे म्हणायची. नव्या माणसाला वाटायचं शाळाच भरली आहे. मला वीसपर्यंत येतात. चौथीपर्यंत तेवढे पाठ करून घेतले होते.

पोरगी तिथं एक खोली घेऊन राहिली, अजून एका मुलीबरोबर. जेवणाचं काय? तर आमच्याकडं जी रीत तीच. सकाळच्या गाडीनं डबा. गावातली सात-आठ पोरं औरंगाबादला होती. त्यांच्या आया पहाटे उठून भाकऱ्या करायच्या आणि सहाच्या आत पारावर डबे आणून ठेवायच्या. दुसरा कंडक्टर डबे घेत नव्हता. हा घ्यायचा. म्हणून डबे एक दिवसाआड जायचे. आज गेलेला डबा पोरं स्टँडवर येऊन घ्यायची, उद्या दुपारी रिकामा आणून द्यायची, आणि उद्या संध्याकाळी तो मास्तरबरोबर गावात परत यायचा.

डबे घ्यायचा, पण त्याचे नियम होते. "पातळ भाजी न्हाई. ही गाडी हाय, पालखी न्हाई." डबा हातात घेऊन तो वर-खाली तोलायचा. "चार भाकरी. परवाच्यापेक्षा एक कमी. कावून?" परत आलेल्या डब्याच्या वजनावरून पोरानं खाल्लं की नाही ते सांगायचा. एका बाईला पारावर सगळ्यांदेखत म्हणाला, "तुमचं पोरगं हॉटेलात खायला लागलंय. डबा जड यायलाय." त्या पोराला त्या रविवारी बापानं जाऊन बडवलं. माझ्या डब्याचा वास गाडीभर सुटायचा, म्हणून त्यानं माझं नाव ठेवलं होतं ठेचावाल्या अक्का.

पहिल्या पावसाळ्यात एक घोटाळा झाला. सगळ्यांनी एकाच दुकानातून मांजरपाट आणून डबे बांधलेले, सगळे सारखे दिसायचे. माळकऱ्याच्या घरच्या पोराला कोंबडीच्या सुक्याचा डबा गेला. पोरानं तक्रार केली नाही. उलट पुढच्या खेपेला तोच डबा हात लांबवून मागितला, त्यावरून कळलं. आया म्हणाल्या, फडक्यावर नावं घालू. मास्तर ओरडला, "नावं वाचायला मी पोस्टमन हाय का? गाठ आपली आपली बांधा. मी वळखीन."

तेव्हापासून प्रत्येकीची गाठ वेगळी. कोणी चार टोकं फुलासारखी उभी ठेवायची, कोणी दोन गाठी एकीवर एक मारायची. माझा बाप शेळ्या राखायचा. शेळी बांधायची एक गाठ असते. शेळीनं कितीही ओढलं तरी सुटत नाही, आणि माणसानं मोकळं टोक ओढलं की एका झटक्यात सुटते. ती मला बापानं शिकवली होती, मी पोरीला शिकवली. भरला डबा माझ्या गाठीनं जायचा आणि रिकामा डबा पोरीच्या हातच्या त्याच गाठीनं परत यायचा. पत्र लिहायची आम्हाला कधी गरज पडली नाही.

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी गाडी आली. मी परसात होते. मास्तर पारावर डबे ठेवून हाका मारायचा, ते त्या दिवशी केलं नाही. माझा डबा हातात घेऊन तो आमच्या दाराशी आला. मालक शेतावर होते.

"अक्का," तो म्हणाला, "गाठ बघा."

मी गाठ नंतर बघितली. आधी मला घाम फुटला, कारण तो हळू बोलला होता. ह्या माणसाकडं दुसरा आवाज आहे हे मला माहीत नव्हतं.

गाठ साधी होती. कोणीही मारतं तशी, दुहेरी.

"परवाच्या खेपेला बी अशीच व्हती. म्या म्हटलं घाईत आसंल. आज इचारलं. डबा घ्यायला दुसरीच पोरगी यायलीय, तिच्या खोलीतली. म्हनली, ती क्लासला गेलीय. म्या म्हटलं, दोन्ही खेपंला? तर खाली बघाया लागली." मग त्यानं डबा माझ्या हातात दिला. "आन तोलून बघा. अर्धा भरलेला हाय."

"गाडीत कोणाला बोललात का?"

"तुमचे दीर व्हते गाडीत. म्हनून न्हाई बोललो." हे सांगताना त्याचं तोंड असं झालं होतं, जसं काही पोटात दुखतंय.

मी रात्री मालकांना सांगितलं की पोरीला बघून लई दिवस झाले, सकाळी जाऊन येते. "कावून? काही हाय का?" ते म्हणाले. मी म्हटलं काही नाही. खरंच मला काही माहीत नव्हतं. पोरगी आजारी होती, की कोणाबरोबर गेली, की शिकणं सोडून बसली, मला काहीच कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की काहीही असलं तरी ते मालकांच्या कानावर गेलं की तिचं शिक्षण संपलं.

सकाळी मी पुढच्या सीटवर बसले. मांडीवर डबा. मास्तर शेजारून गेला आणि माझ्या तोंडाकडं बघून थांबला.

"अक्का, तेराचा म्हना."

"मला गाडी लागत न्हाई मास्तर."

"म्हाईत हाय. म्हना."

मी तोंडातल्या तोंडात तेराचा पाढा सुरू केला. तेवढ्यात मालक पारावर आले. ते मला पोचवायला कधी येत नसत. गाडीच्या दाराशी उभे राहून त्यांनी आवाज दिला, "मास्तर, आमची पोरगी डब्याला येती का बरोबर?"

गाडी गप्प झाली. मास्तरला काही विचारलं की गाडी गप्पच व्हायची, कारण तो खरं सांगणार हे सगळ्यांना माहीत असायचं. मी मालकांकडं बघितलं नाही. समोरच्या दांड्याकडं बघत तेरा चोक बावन्न, तेरा पाचा पासष्ट करत राहिले.

"येती की," मास्तर म्हणाला.

"सोता येती?"

"सोता येती. हासत येती."

त्या हसण्याची काही गरज नव्हती. ज्याला खोटं बोलायची सवय नसते तो असं जास्तीचं घालतो.

मग त्यानं हात वर करून दोरी ओढली. एकच घंटी वाजली.

एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आमच्या गावातल्या शेळ्यांनाही हे माहीत होतं. ड्रायव्हरनं गाडी जरा हलवली होती, त्यानं गचकन ब्रेक मारला आणि मागं वळून म्हणाला, "आता कोन ऱ्हायलं?" कोणीच राहिलं नव्हतं. कोणी उतरत नव्हतं, कोणी चढत नव्हतं. गाडी नुसती धडधडत उभी. मास्तर हात दोरीवर ठेवून तसाच उभा राहिला, जसं काही पुढं काय करायचं असतं ते विसरला. एवढ्या वर्षांत त्याची घंटी चुकलेली कोणी ऐकली नव्हती. मालक दारापासून दोन हातांवर.

मग दोन घंट्या झाल्या आणि गाडी निघाली.

"मास्तर, झोप झाली न्हाई का?" ड्रायव्हरनं विचारलं. गेवराईपर्यंत त्यानं तिकिटं सुद्धा मुक्यानं फाडली. मी पाढे म्हणत होते. तेरा साती मी चुकले. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मागून आवाज आला, "एक्क्यान्नव!" तेव्हा मला जरा बरं वाटलं.

औरंगाबादला मला रस्ता सापडेना म्हणून मास्तर स्वतः खोलीपर्यंत आला, गळ्यातली पिशवी तशीच घेऊन. पोरगी गोधडीत पडली होती. डोळे हळदीसारखे पिवळे. कावीळ. दहा दिवस अंगात होती, चार दिवसांपासून उठवत नव्हतं. फुटाणे आणि उसाचा रस यावर पडून होती, आणि माझ्या भाकऱ्या ती सोबतीण खात होती, जमतील तेवढ्या.

"आई, बाबांना सांगू नको," हे तिचं पहिलं बोलणं.

"आधी उठून बस," हे माझं. मग मी तिला पोटभर शिव्या दिल्या. आजारी पडल्याबद्दल नाही, लपवल्याबद्दल. मास्तरजवळ निरोप का दिला नाहीस म्हटलं तर म्हणाली, "त्यांना सांगितलं असतं तर सगळ्या गाडीला कळलं असतं." मास्तर दाराबाहेर उभा होता, त्यानं ऐकलं. तो चपलांकडं बघत राहिला.

सरकारी दवाखान्यात दाखवलं. पंधरा दिवस झोपून राहायचं, तेल-तिखट बंद. परीक्षेला महिना होता. मी राहायचं ठरवलं. मास्तर निघताना मी त्याला विचारलं, "परवा सकाळी गावातनं निघाल तवा मालक इचारतील. काय सांगाल?"

"मला इचारू नका अक्का," तो म्हणाला. "आज एक बोललो. दुसरं माझ्याकडनं व्हायचं न्हाई."

तो दिवस आणि त्याच्या पुढचा दिवस मी पोरीला पेज पाजत बसले आणि मनात धरून चालले की परवाच्या गाडीनं मालक येणार. मास्तर सांगणार, मालक येणार, पेटी उचलणार. पोरीनंही तेच धरलं होतं. ती पडल्या पडल्या पुस्तक वाचत होती, जसं काही दोन दिवसांत सगळं वाचून संपवायचं आहे.

तिसऱ्या दिवशी दहापासून मी स्टँडवर उभी. गाडी साडेदहाला आली. एकेक माणूस उतरताना मी बघत होते. टोपी दिसली की मी तोंड बघायला पुढं सरकायचे. मालक उतरले नाहीत. सगळ्यात शेवटी मास्तर उतरला, दोन्ही हातांत डबे. एक डबा त्यानं माझ्यापुढं धरला.

गाठ शेळीची होती. पण उलटी. ज्यानं ती बांधली त्यानं नुसती लांबून बघितली होती, कधी मारली नव्हती.

"मालकांनी आणून दिला," मास्तर म्हणाला. आता त्याचा आवाज नेहमीचा होता, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा. "काही इचारलं न्हाई! म्या बी काही बोललो न्हाई! डबा दिला आन गेले!"

खोलीवर जाऊन आम्ही डबा उघडला. गाठ उलटी असल्यामुळं सुटेना, शेवटी दातानं सोडवली. तीन भाकरी. एक जाड, एक करपलेली, एक मधे कच्ची. आणि लाल चटणी, तेलात बुडवलेली. पोरीला त्यातलं काहीही चालणार नव्हतं. मी खाल्लं. चव काही सांगण्यासारखी नव्हती.

पुढचे पंधरा दिवस एक दिवसाआड डबा येत राहिला. भाकरी हळूहळू गोल व्हायला लागली. गाठ शेवटपर्यंत उलटीच.

मी घरी गेले तेव्हा मालकांनी एवढंच विचारलं, "आता कशी हाय?" मी म्हटलं, बरी आहे. लिंबागणेशच्या स्थळाला ते स्वतः जाऊन नाही म्हणून आले. पोरगी पास झाली, पुढंही शिकली. आता जालन्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. मुलांकडून पाढे घोकून घेते, ह्यावरून तिच्यावर बाकीच्या बाया हसतात म्हणे.

मालकांना कोणी सांगितलं, हे मला बरीच वर्षं कळलं नाही. मास्तर म्हणायचा मी नाही. दीर म्हणायचे आम्हाला तर आत्ताच कळतंय. मालकांना विचारलं की ते उठून जनावरांकडं जायचे. शेवटी शेवटी त्यांच्या डोळ्यांना दिसेना झालं. गेवराईला दाखवायला जायचं म्हणून एकदा आम्ही दोघं पारावर गाडीची वाट बघत बसलो होतो. त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली, त्याच्या आदल्या साली. ते एकदम म्हणाले, "तुझ्या मास्तरनं त्या दिवशी एकच घंटी मारली, आठवतं का?"

"आठवतं."

"तवाच कळलं मला. तो मानूस घंटी चुकत न्हाई. खोटं बोलला म्हनून चुकला."

"मग चढलात कावून न्हाई? गाडी तर थांबली व्हती."

"तेच तर. गाडी थांबली व्हती, दार उघडं व्हतं. एक पाय ठिवला बी व्हता म्या पायरीवर. मग तुझ्याकडं बघितलं. तू माझ्याकडं बघंना. तोंडातल्या तोंडात पुटपुटायली व्हतीस. एवढं देवाचं नाव घेताना तुला कधी बघितलं न्हवतं म्या." मग म्हणाले, "पाय काढून घेतला."

तो तेराचा पाढा होता, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मास्तर रिटायर होऊन कधीचा गेला होता. गेल्या हिवाळ्यात चकलांब्याला कोणाच्या तरी लग्नाला आला आणि तिथून आमच्या गावात. पारावर उतरल्या उतरल्या त्याचा आवाज मला घरात ऐकू आला, "ठेचावाल्या अक्का जित्या हायत का?"

जेवायला वाढलं. पाठीत वाकला आहे, दात गेले आहेत, पण ठेचा सोडला नाही. एक घास खाऊन म्हणाला, "मीठ कमी." मग इकडचं तिकडचं बोलताना म्हणाला की नोकरीत एवढी वर्षं काढली, तेवढी एकच गोष्ट मनाला लागून राहिली. भल्या माणसाला तोंडावर फसवलं. तो आता नाही, माफी मागायची सोय पण राहिली नाही.

मी त्याला पारावरचं सगळं सांगितलं. घंटीचं, पायरीवरच्या पायाचं.

त्याचा हात ताटात थांबला. "म्हंजे त्यांना म्हाईत व्हतं."

"व्हतं."

"गाडी हालायच्या आदी?"

"आदी."

"म्हंजे कुनी फसलंच न्हाई." तो बराच वेळ घास चावत राहिला. चावायला दात नव्हते, तरी चावत राहिला. मग शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मग ते खोटं धरायचं न्हाई!"

"नका धरू," मी म्हटलं. "वरण घ्या."

दुपारच्या गाडीनं तो परत निघाला. मी वाटेसाठी भाकरी फडक्यात बांधून दिली. त्यानं गाठीवरून अंगठा फिरवला, हातात तोलली आणि म्हणाला, "चार. एक मोडकी." मोडकीच होती. आता त्या गाडीवर कंडक्टर म्हणून एक तरणी पोरगी असते, तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवलेलं. मास्तर खिडकीशी बसला, तोच पलीकडच्या खिडकीतून कोणीतरी रुमाल फेकला. तो नेमका त्याच्या शेजारच्या जागेवर पडला. त्यानं रुमाल उचलला, मांडीवर ठेवून नीट घडी घातली आणि ओरडला, "बाई, ह्यो बसलाय बगा हितं. ह्याचं तिकीट फाडा!"

पोरीला काही कळलं नाही. ती हसली आणि तिनं दोरी ओढली.

दोन वाजल्या. मी मोजल्या, आणि मग घरी आले.